केस ऑनलाइन विचारायची कशी आणि तिच्यातून शिकायचे कसे

‘पाच वर्षांची कुत्री, दोन महिन्यांपासून अधूनमधून उलट्या, क्रिएटिनिन वाढलेय. फ्लुइड दिले की बरी होते, पुन्हा पडते. किडनीसाठी काय सुरू करू?’

असा मजकूर पशुवैद्यकांच्या ऑनलाइन गटात सहकाऱ्यांपुढे गेला की थोड्याच वेळात अर्धा डझन उत्तरे येतात. (क्रिएटिनिन हा किडनी कमी पडली की रक्तात वाढणारा घटक, फ्लुइड म्हणजे सलाइन.) कोणी डाएट सुचवतो, कोणी फॉस्फेट बाइंडर, कोणी सोनोग्राफी, कोणी अँटिबायोटिक बदलायला सांगतो. एकाचा दुसऱ्याशी मेळ नसतो. यात उत्तर देणाऱ्यांचा दोष फारसा नाही. मजकुरातल्या रिकाम्या जागा प्रत्येकाने आपापल्या अनुभवाने भरल्या, एवढेच. सोडियम, पोटॅशियम आणि लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (घट्टपणा) लिहिली असती तर चर्चा पहिल्याच उत्तरात वेगळ्या दिशेला गेली असती. हीच केस खाली पूर्ण लिहून दाखवली आहे.

ही केस लिहून विचारण्याजोगी आहे का?

लिहून विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर यायला काही तास जातात, हे धरूनच चाला. जठर फुगून पीळ पडलेला कुत्रा, लघवी तुंबलेला बोका, अडलेली म्हैस, तोंड उघडून श्वास घेणारे मांजर यांच्यासाठी फोन करावा किंवा पेशंट पुढे पाठवावा. आधी जनावर स्थिर करा, मग लिहा.

दुसरी अडचण कायद्याची. लाळ-खुरकूत, रेबीज, बर्ड फ्लू, अँथ्रॅक्स अशा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगाची शंका असेल तर पहिली खबर सरकारी पशुवैद्यक यंत्रणेला जाते, सहकाऱ्यांच्या गटाला नंतर. अचानक मेलेले आणि नाका-गुदातून न गोठणारे रक्त येणारे जनावर ‘बघू तरी आत काय आहे’ म्हणून उघडू नये. अँथ्रॅक्सचे जिवाणू हवेत आले की बीजाणू धरतात, आणि ते त्या जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात.

पहिली ओळ

प्रजाती, जात, वय, लिंग, नसबंदी झाली आहे की नाही आणि वजन. वजन काट्यावरचे की नजरेच्या अंदाजाचे, तेही सांगा. शरीरस्थितीचा गुण (बीसीएस) मापपट्टीसह लिहा: ५/९ म्हणजे बेताच्या अंगाचा कुत्रा, ५/५ म्हणजे लठ्ठ. नुसत्या ‘बीसीएस ५’ वरून काही बोध होत नाही.

जात लिहायची ती वाचणारा आकडे कसे वाचणार हे तिच्यावर ठरते म्हणून. ग्रेहाउंडचे पीसीव्ही (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) इतर कुत्र्यांपेक्षा वरचे आणि प्लेटलेट्स व टी-फोर (थायरॉइडचे संप्रेरक) खालचे असतात. तिथे ५८ पीसीव्ही पाहून कोणी पाणी कमी झाल्याचे निदान करू नये. कॅव्हेलिअर किंग चार्ल्स स्पॅनिएलमध्ये मोठ्या आकाराच्या प्लेटलेट्स यंत्राला मोजता येत नाहीत, म्हणून आकडा भीतीदायक दिसतो. अकिता आणि शिबा यांच्या तांबड्या पेशींत पोटॅशियम जास्त असू शकते. नमुना हिमोलाइज झाला (तांबड्या पेशी फुटल्या) की ते बाहेर येऊन खोटी वाढ दाखवते. कोली आणि तिच्या नात्यातल्या जातींत एमडीआर-१ जनुकातला बदल असेल तर आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस जिवावर बेततो.

वयाचेही तसेच. वाढत्या पिल्लात अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम आणि फॉस्फरस प्रौढांच्या मर्यादेबाहेर असणे हे हाडे वाढत असल्याचे लक्षण आहे. नसबंदी न झालेली मादी खूप पाणी पीत असेल तर शेवटचा माज कधी आला होता हे पहिल्याच ओळीत हवे. माजानंतर काही आठवड्यांत आजारी पडलेल्या कुत्रीत गर्भाशयात पू झाला नाही ना, हे आधी पाहावे लागते.

गाई-म्हशींसाठी कितवे वेत, व्यायल्याला किती दिवस झाले, गाभण असल्यास कितवा महिना, आणि दूध किती लिटरवरून किती लिटरवर आले. कळपाच्या प्रश्नात एकूण संख्या सांगितल्याशिवाय आजाऱ्यांच्या आकड्याला अर्थ नाही. ‘वासरे हगवणीने मरताहेत’ याऐवजी ‘४० वासरांपैकी ६ आजारी, २ मेली, सगळी ५ ते १४ दिवसांची, पहिले आजारी पडून ९ दिवस झाले’ असे लिहिले की निम्मी यादी आपोआप गळते. पहिल्या तीन-चार दिवसांतली हगवण विषारी ई. कोलायकडे बोट दाखवते. दुसऱ्या आठवड्यातली रोटा, कोरोना आणि क्रिप्टोस्पोरिडियमकडे.

इतिहास आणि आधी दिलेली औषधे

‘काही दिवसांपासून’ हे शब्द वापरू नका. आजाराचा पहिला दिवस ठरवा आणि त्यापुढे दिवस १, दिवस ४, दिवस ११ अशा क्रमाने घडामोडी लिहा. जुन्या आजारात ‘शेवटचे पूर्ण ठीक कधी होते’ हा प्रश्न मालकाला विचारला की खरी सुरुवात हाती लागते. ती बहुधा त्याने आधी सांगितली त्याच्या कितीतरी अलीकडची किंवा पलीकडची निघते.

औषधे मिलिलिटरमध्ये लिहिणे ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. १ टक्का द्रावण म्हणजे १ मिलीत १० मिग्रॅ. ४ किलोच्या मांजराला एनरोफ्लॉक्सासिन ०.४ मिली दिले असे लिहिले, तर बाटली ५ टक्क्यांची असल्यास डोस ५ मिग्रॅ/किग्रॅ होतो आणि १० टक्क्यांची असल्यास १० मिग्रॅ/किग्रॅ. मांजरात दिवसाला ५ मिग्रॅ/किग्रॅच्या वर गेले की डोळ्याच्या पडद्याला इजा होऊन आंधळेपण येऊ शकते. म्हणून औषधाचे मूळ नाव (कंपनीचे नाव दुसऱ्या देशात कोणी ओळखत नाही), मिग्रॅ/किग्रॅ, मार्ग, किती तासांनी आणि एकूण किती डोस, एवढे सगळे एका ओळीत बसवा.

स्टिरॉइडचा उल्लेख वेगळा करा, ‘दिले नाही’ असले तरी. मालक ‘आधी कुठेतरी एक सुई मारली होती’ असे सांगतो तेव्हा ती दीर्घकाळ असर टिकणारे स्टिरॉइड असण्याची शक्यता धरा आणि जुने कागद मागवा. त्या एका सुईने पुढचे कित्येक आठवडे लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), अल्कलाइन फॉस्फेटेज, त्वचेची बायोप्सी आणि कॉर्टिसॉल (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचे संप्रेरक) यांपैकी कशावरच विसंबता येत नाही.

आहाराला दोन ओळी द्या: काय, किती, कधीपासून. वरचे खाणे आणि सप्लिमेंट धरून. १९८७ मध्ये पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी मांजरांतला डायलेटेड कार्डिओमायोपथी हा हृदयविकार टॉरिन या अमिनो आम्लाच्या कमतरतेशी जोडून दाखवला, तेव्हा ती मांजरे तयार, विकतचे अन्न खात होती. टॉरिन दिल्यावर त्यांचे हृदय सुधारले. (हेच पायन १९९१ मध्ये डंकन लोव यांच्यासह पशुवैद्यकांच्या ऑनलाइन जाळ्याच्या, ‘व्हेटरिनरी इन्फर्मेशन नेटवर्क’च्या संस्थापकांत होते.) आहाराची नोंद न ठेवणाऱ्याला असा दुवा कधीच दिसणार नाही.

तपासणीत तापमान, नाडी, श्वास, हिरड्यांचा रंग, सीआरटी (हिरडी दाबून सोडल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ) आणि पाण्याची कमतरता आकड्यांत द्या. आणि ‘नॉर्मल’ व ‘पाहिले नाही’ यांची गल्लत करू नका. गुदपरीक्षा केली नसेल तर ‘केली नाही’ असे सरळ लिहा. त्यात कमीपणा काही नाही. न पाहिलेल्या गोष्टीला नॉर्मल म्हटले तर मात्र उत्तर देणारा ती शक्यता यादीतून काढून टाकतो.

लॅबचे आकडे

‘केएफटी (किडनीच्या तपासण्या) वाढलेले, बाकी ठीक’ असा सारांश देऊ नका. अख्खा रिपोर्ट द्या, एककांसह आणि त्या लॅबच्या संदर्भ-मर्यादेसह. क्रिएटिनिन २.५ मिग्रॅ/डेसीलिटर आणि २२१ मायक्रोमोल/लिटर एकच आहेत (गुणक ८८.४). ग्लुकोज १८ ने भागले की मिलिमोल/लिटर मिळतात, कॅल्शियम ४ ने. युरियात हमखास फसगत होते: काही लॅब युरिया देतात, काही युरिया नायट्रोजन, म्हणजे बीयूएन. बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया. ६४ युरिया आणि ३० बीयूएन एकच असताना, रिपोर्ट बदलला म्हणून किडनी बिघडली असे समजून धावपळ होते.

नमुना कधी घेतला, उपाशीपोटी का, फ्लुइडच्या आधी की नंतर, किती वेळाने सीरम वेगळे केले, सीरम लाल किंवा दुधाळ होते का, हे सगळे आकड्यांइतकेच महत्त्वाचे. काही ठरलेले घोटाळे लक्षात ठेवावेत:

- पेशींवर तसेच ठेवलेल्या रक्तात ग्लुकोज तासाला साधारण ५ ते १० टक्क्यांनी उतरते. तरतरीत जनावरात ४० ग्लुकोज आले तर आधी घड्याळ पाहा.
- ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतले रक्त साध्या नळीत ओतले किंवा सुईतून थोडे मिसळले, तर पोटॅशियम वर आणि कॅल्शियम व अल्कलाइन फॉस्फेटेज खाली जाते. हे त्रिकूट एकत्र दिसले की नमुना पुन्हा घ्या, इलाज सुरू करू नका.
- मांजरात प्लेटलेट्सचे गठ्ठे होणे रोजचेच. स्मिअरच्या (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थराच्या) टोकाकडच्या भागात गठ्ठे नाहीत ना पाहा, मग मायक्रोस्कोपच्या ऑइल लेन्सखालच्या दहा क्षेत्रांत प्लेटलेट्स मोजा. सरासरीला १५,००० ने गुणले की मायक्रोलिटरमागचा अंदाज मिळतो.
- घाबरलेल्या मांजरात ग्लुकोज सहज २०० च्या पुढे जाते. मधुमेह म्हणण्याआधी फ्रुक्टोसामिन (मागच्या काही आठवड्यांतली साखर दाखवणारी तपासणी) करा, किंवा घरी मांजर शांत असताना घेतलेल्या लघवीत साखर पाहा.
- युरिन स्पेसिफिक ग्रॅव्हिटी फ्लुइड सुरू करण्यापूर्वीची हवी. ती नंतरची असेल तर वाढलेले क्रिएटिनिन किडनीमुळे की पाणी कमी झाल्यामुळे, हे ठरवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग हातचा गेला.

आता सुरुवातीची केस. ती अशी लिहायला हवी होती. (त्यातला अ‍ॅडिसन्स म्हणजे अ‍ॅड्रिनल ग्रंथी संप्रेरके पुरेशी बनवत नाहीत तो आजार. एसीटीएच हे त्या ग्रंथीला चेतवणारे संप्रेरक, ते टोचून कॉर्टिसॉल किती वाढते ते तपासतात. व्हिपवर्म हा आतड्यातला कृमी, आणि फ्लोटेशन म्हणजे विष्ठेतली कृमींची अंडी तरंगवून पाहणे.)

> स्टँडर्ड पूडल, मादी, नसबंदी झालेली, ५ वर्षे, काट्यावर २२.४ किग्रॅ, बीसीएस ४/९. दोन महिन्यांत तीनदा उलट्या आणि मरगळ. दर वेळी शिरेतून फ्लुइड दिल्यावर २४ तासांत पूर्ववत. आज चौथी खेप. गेल्या तीन महिन्यांत गोळी, सुई, मलम किंवा कानातले थेंब, कोणत्याही रूपात स्टिरॉइड नाही. जुने कागद तपासले. आल्यावर तापमान ३७.५ से., नाडी ६४, श्वास २४, सीआरटी ३ सेकंद, पाण्याची कमतरता अंदाजे ८ टक्के. रक्त आणि लघवी फ्लुइडच्या आधी घेतली, सीरम २० मिनिटांत वेगळे केले, हिमोलिसिस नाही. सोडियम १३०, पोटॅशियम ६.५ मिलिमोल/लिटर. क्रिएटिनिन ३.२, कॅल्शियम ११.८, ग्लुकोज ६२ मिग्रॅ/डेसीलिटर. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०१८. लिम्फोसाइट ३,२००/मायक्रोलिटर. फ्लोटेशनमध्ये व्हिपवर्मची अंडी नाहीत. फ्लुइड सुरू केल्यावर चार तासांत नाडी १००, पोटॅशियम ५.४, आता स्थिर. माझा पहिला अंदाज अ‍ॅडिसन्स, दुसरा जुना किडनीविकार. एसीटीएच परवा मिळणार. प्रश्न: तोवर स्टिरॉइड द्यावे का, आणि दिल्यास कोणते, म्हणजे तपासणी बिघडणार नाही?

यातली एकही ओळ भरतीची नाही. सोडियम-पोटॅशियमचे गुणोत्तर २० भरते. २७ च्या खाली गेले की अ‍ॅडिसन्सची शंका घ्यायची. वाढलेले पोटॅशियम नळीतल्या ईडीटीएचे नाही, कारण कॅल्शियम खाली जाण्याऐवजी वरच आहे. एवढ्या आजारी कुत्रीत लिम्फोसाइट उतरायला हवेत. ते शाबूत आहेत, म्हणजे कॉर्टिसॉलचा ताण रक्तात दिसतच नाही. १.०१८ पाहून किडनीकडे वळण्याचा मोह होतो, पण सोडियम कमी असले की निरोगी किडनीलाही लघवी घट्ट करता येत नाही. व्हिपवर्मचा प्रादुर्भाव हुबेहूब असेच आकडे देऊ शकतो, म्हणून फ्लोटेशनची ओळ. आणि स्टिरॉइड नसल्याची खात्री सांगितल्यामुळे, बाहेरून घेतलेले स्टिरॉइड अचानक थांबल्याने कॉर्टिसॉल कमी पडण्याची शक्यताही मागे पडली.

याला येणारे उत्तर तेवढेच नेमके असते: फ्लुइडच्या आधीचे सीरम उरले असेल तर त्यातच कॉर्टिसॉल करून घ्या, २ मायक्रोग्रॅम/डेसीलिटरच्या वर आले तर अ‍ॅडिसन्स जवळजवळ बाद, खाली आले तर एसीटीएच तपासणीने पक्के करा. कुत्री स्थिर राहिली तर स्टिरॉइड थांबवून ठेवा. द्यावेच लागले तर डेक्सामेथासोन द्या, कारण ते कॉर्टिसॉलच्या मोजणीत धरले जात नाही. प्रेडनिसोलोन आणि हायड्रोकॉर्टिसोन धरले जातात.

फोटो, एक्स-रे, स्लाइड, व्हिडिओ

एक्स-रेची किमान दोन काटकोनातली दृश्ये हवीत. छातीत गाठी पसरल्या आहेत का असा प्रश्न असेल तर तीन: दोन्ही कुशींवरची आणि एक व्हीडी किंवा डीव्ही (पाठीवर किंवा पोटावर झोपवून घेतलेले). खाली गेलेल्या बाजूच्या फुप्फुसातली हवा कमी होते आणि तिथली गाठ लपते. उजव्या-डाव्याची खूण फिल्मवर दिसली पाहिजे. डिजिटल असेल तर डायकॉम फाइल (वैद्यकीय प्रतिमेची मूळ फाइल) पाठवा. ती जमत नसेल तर यंत्रातूनच जेपेग काढा. मॉनिटरचा मोबाइलने काढलेला फोटो हा शेवटचा पर्याय, त्यात पडणाऱ्या लाटांच्या नक्षीला लोक फुप्फुसातला पॅटर्न समजतात. जुनी फिल्म असेल तर व्ह्यू बॉक्सवर लावा, खोलीतले दिवे घालवा, फ्लॅश बंद करा, मोबाइल फिल्मला समांतर धरा. आधी पूर्ण फिल्म, मग शंकेच्या जागेचा जवळून फोटो. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबून लहान केले जाते आणि बारीक तपशील निघून जातो.

सायटॉलॉजीत (पेशींच्या स्लाइडच्या तपासणीत) बहुतेक जण थेट ऑइलखालचे दोन फोटो देतात. त्यावरून पेशींची मांडणी कळत नाही आणि जागा निवडून घेतली आहे का तेही कळत नाही. १० च्या ऑब्जेक्टिव्हचा फोटो आधी, मग ४०, मग १००. ४० ची प्रतिमा धूसर येत असेल तर दोष बहुधा लेन्सचा नसतो: ही कोरडी लेन्स कव्हरस्लिप धरून बनवलेली असते. स्मिअरवर ऑइलचा एक थेंब टाकून वर कव्हरस्लिप ठेवा, चित्र लख्ख होते. स्टेन कोणता, नमुना सुईने ओढला की नुसता टोचून घेतला, गाठीच्या मधून की कडेने, हेही लिहा. स्लाइड आणि फॉर्मलिनमधला तुकडा एकाच डब्यातून पाठवू नका. फॉर्मलिनच्या वाफेने न रंगवलेल्या पेशी अर्धवट पक्क्या होतात आणि पुढे रंग धरत नाहीत.

लंगडण्याचा व्हिडिओ कडक, सपाट जमिनीवर घ्या: समोरून, मागून आणि बाजूने, चालताना आणि दुडक्या चालीत, प्रत्येकी १० ते १५ सेकंद, मोबाइल आडवा धरून, सगळे पाय चौकटीत ठेवून. घोडा असेल तर सरळ रेषेत आणि दोन्ही बाजूंच्या गोलात. झटक्यांच्या व्हिडिओत चेहरा दिसायला हवा, आणि मालकाने मध्येच जनावराला हाक मारावी. प्रतिसाद मिळतो की नाही यावरून पुष्कळ कळते. ईसीजीवर कागदाचा वेग (२५ की ५० मिमी/सेकंद) आणि १ मिलिव्होल्टला किती मिमी, हे नसेल तर त्यावर कोणी काही बोलू शकत नाही.

पाठवण्यापूर्वी मालकाचे नाव, फोन, मायक्रोचिपचा क्रमांक काढून टाका. डायकॉम फाइलच्या आत नाव दडलेले असते आणि काही वेळा चित्रावरही छापलेले असते. फोटोत ठिकाणाची नोंद असते. मालकाची परवानगी पहिल्याच भेटीच्या संमतिपत्रात एका ओळीत घेऊन ठेवावी. दुसऱ्या पशुवैद्यकाने आधी काय केले ते लिहिताना नाव आणि शेरेबाजी, दोन्ही नकोत.

शेवटी एकच प्रश्न

‘काय वाटते?’ हा प्रश्न नव्हे. ‘आता बायोप्सी करू की चार आठवडे आहार बदलून पाहू?’ हा प्रश्न आहे. त्याच्या आधी स्वतःचे दोन-तीन अंदाज उतरत्या क्रमाने लिहा, प्रत्येकाच्या बाजूने आणि विरुद्ध काय ते एका ओळीत. अडचणीही सांगून टाका: सीटी उपलब्ध नाही, मालक दिवसातून एकदाच औषध देऊ शकतो, जनावर हातात येत नाही. नाहीतर उत्तम पण निरुपयोगी उत्तर मिळते.

आलेली उत्तरे पारखताना

आधी पाहा की उत्तर देणाऱ्याने तुमची केस वाचली आहे का. जो तुमचाच एखादा आकडा उचलून त्यावर बोलतो त्याला जास्त वजन द्या. जो ‘मी अशांना नेहमी अमुक देतो’ एवढ्यावर थांबतो त्याला कमी, मग तो कितीही ज्येष्ठ असो. दोन जाणकारांत मतभेद असेल तर तो सोन्यासारखा माना आणि विचारा की कोणता निकाल आला तर ते आपले मत बदलतील. पुढची तपासणी कोणती, ते त्या उत्तरातच असते.

औषधाचा डोस कोणाच्याही सांगण्यावरून थेट सिरिंजमध्ये ओढू नका. फॉर्म्युलरीत पडताळा, मिग्रॅ की मायक्रोग्रॅम ते दोनदा पाहा. दशांशचिन्ह सरकले की डोस दहापट होतो. मेलॉक्सिकॅमचे तोंडाने देण्याचे द्रावण कुत्र्यांसाठी १.५ मिग्रॅ/मिली आणि मांजरांसाठी ०.५ मिग्रॅ/मिली अशा दोन्ही तीव्रतांत मिळते. ‘अर्धा मिली’ हा सल्ला एका बाटलीत तिप्पट होतो.

दूध-मांस देणाऱ्या जनावरांत आणखी एक चाळणी लावा. दुसऱ्या देशातला तज्ज्ञ सहज सुचवतो ते औषध तुमच्याकडे दुधाळ जनावरात बंद असू शकते, किंवा दूध किती दिवस टाकायचे तो काळ वेगळा असू शकतो. जनावर पाहिले तुम्ही, औषध लिहिले तुम्ही, म्हणून जबाबदारीही तुमचीच. केसपेपरवर ‘तज्ज्ञमत घेतले’ असे तारखेसह नोंदवा, पण त्यामागे लपता येत नाही.

मग केस बंद करा. बहुतेक चर्चा ‘धन्यवाद, करून पाहतो’ वर संपतात आणि मदत करणाऱ्याला आपले बरोबर होते का ते कधीच कळत नाही. अंतिम निदान, कशाने पक्के झाले, काय दिले, दोन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी जनावर कसे आहे, एवढ्या चार ओळी लिहा. मेले असेल तरी लिहा, शवविच्छेदन झाले असेल तर आवर्जून. पुढे तशीच केस शोधत आलेल्याला उपयोग होतो तो या चार ओळींचा.

केसमधून अभ्यासक्रमाकडे

निरंतर शिक्षणाचे, नोंदणीसाठी लागणारे तास भरण्यासाठी लोक जे आवडते तेच पुन्हा पुन्हा ऐकतात. त्वचारोगात रस असलेला दरवर्षी त्वचारोगाचीच व्याख्याने गाठतो. याला तोड म्हणजे एक साधी वही. प्रत्येक अडलेल्या केसमागे एक ओळ: तारीख, प्राणी, कुठे अडलो, काय केले, शेवट काय झाला. तीन महिन्यांनी ‘कुठे अडलो’ हा रकाना वाचा. तिथे ‘आयव्ही फ्लुइडचा वेग’, ‘पोटॅशियम’, ‘ईसीजी वाचता आला नाही’ असे शब्द तीन-चारदा दिसले तर पुढचा कोर्स फ्लुइड आणि इलेक्ट्रोलाइटचा, मग तो कितीही रुक्ष वाटो.

कोर्स निवडताना व्याख्यात्याची त्या विषयातली पदवी, रेकॉर्डिंगची तारीख, निधी कोणाचा, प्रश्न विचारायची सोय आहे का आणि शेवटी परीक्षा आहे का, एवढे पाहा. कंपनीने पैसे दिले म्हणून व्याख्यान टाकाऊ ठरत नाही. मात्र त्यात दुसऱ्या औषधांचा उल्लेखही नसेल तर ती जाहिरात समजावी. सोनोग्राफी, दंतशस्त्रक्रिया, गर्भतपासणी अशा हाताच्या कामांत ऑनलाइन भाग फक्त पूर्वतयारीचा. कोर्स सुरू करण्यापूर्वीच रोज एका निरोगी जनावराचे तेच अवयव त्याच क्रमाने पाहायला लागा. नॉर्मल डोळ्यांत बसल्याशिवाय बिघाड दिसत नाही.

व्याख्यान ऐकण्याआधी वहीतून तीन प्रश्न काढून समोर ठेवा. ऐकून झाल्यावर नोंदी न पाहता, आठवेल तेवढे अर्ध्या पानात लिहा आणि मगच नोंदींशी ताडा. आठवले नाही तेवढेच पुन्हा ऐका. आठवड्याच्या आत दवाखान्यात एक तरी बदल करा: भिंतीवर लावायचा डोसचा तक्ता, भूल देण्यापूर्वीच्या तपासणीतली एक नवी ओळ, काहीही. ज्यातून असा एकही बदल निघत नाही तो तास करमणुकीत जमा.

संशोधनाचा निष्कर्ष व्याख्यानात सांगितला की विचारा: अभ्यासात कोणती जनावरे होती? २०१६ चा एपिक अभ्यास घ्या. मायट्रल झडप झिजलेल्या ३६० कुत्र्यांत पिमोबेंडन या हृदयाच्या औषधाने हृदय निकामी होणे किंवा हृदयविकाराने मृत्यू येणे लांबवले. मध्यक काळ १,२२८ दिवस, प्लासिबोत ७६६. साधारण १५ महिन्यांचा फायदा, म्हणजे मोठाच. पण त्या सगळ्या कुत्र्यांचे हृदय मोठे झालेले होते: मर्मर (हृदयातला जादा आवाज) ३/६ किंवा जास्त, डाव्या अलिंदाचे महारोहिणीशी गुणोत्तर १.६ किंवा जास्त, एक्स-रेवर व्हर्टिब्रल हार्ट स्कोअर (मणक्यांच्या मापात हृदयाचा आकार) १०.५ च्या वर. ‘मर्मर ऐकू आला की पिमोबेंडन’ असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. हृदय मोठे न झालेल्या कुत्र्यांबद्दल हा अभ्यास काहीच सांगत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट ऐकीव ज्ञानात गळून पडते.

तासांची नोंद

प्रत्येक देशाची पशुवैद्यक परिषद निरंतर शिक्षणाच्या तासांचा आपला आकडा ठरवते. ब्रिटनची रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स २०२० पासून वर्षाला ३५ तास मागते, आणि २०२२ पासून त्यासोबत काय शिकलो आणि त्याने काम कसे बदलले याची लिखित नोंदही बंधनकारक आहे. उत्तर अमेरिकेत कोर्सला ‘रेस’ (निरंतर शिक्षणाच्या मान्य कोर्सची नोंदवही) मान्यता आहे का ते पाहिले जाते. तुमच्या परिषदेला कोणत्या प्रकारचे तास चालतात, केसचर्चा आणि वाचन धरले जाते का, ऑनलाइन तासांना कमाल मर्यादा आहे का, हे कोर्सचे पैसे भरण्याआधी नियमावलीत वाचा.

नोंदीत तारीख, विषय, संयोजक, तास आणि एक वाक्य: ‘आता ईडीटीएची नळी शेवटी भरतो’, ‘मांजराचे ग्लुकोज वाढले तर फ्रुक्टोसामिन मागवतो’. केसच्या वहीतला संबंधित ओळीचा क्रमांक शेजारी टाका, म्हणजे कोणी विचारले तर पुरावा तयार असतो. प्रमाणपत्र त्याच दिवशी उतरवून घ्या आणि फाइलला तारीख व विषयाचे नाव द्या. नोंदणीच्या नूतनीकरणाच्या आठवड्यात जुन्या वेबिनारची लिंक उघडेलच याचा भरवसा नसतो.